एकरक्ती सुई

"सुई परत आली की आधी माणसाकडे बघायचं, मग यंत्राकडे."

केंद्र सुरू करणाऱ्या थॉमसबाईंनी कालिंदीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नशा करणाऱ्यांना जुन्या सुईच्या बदली नवी देणारं हे खाडीकाठचं केंद्र. पुढे एकरक्ती सुई आली आणि कालिंदीची नजर आधी यंत्राकडेच जाऊ लागली.

या सुईच्या आतल्या अस्तराला पहिल्या रक्तातल्या डीएनएची ओळख पटते. दुसऱ्या कुणाचं रक्त लागलं, की अस्तर फुगून सुईचं भोक बुजतं. उसनी सुई चालतच नाही. सात वर्षांत वस्तीत सुईमुळे एचआयव्हीची एकही नवी लागण झाली नव्हती.

बुधवारी सकाळी दहाला अंकुशने परत केलेली सुई कालिंदीने यंत्रात घातली आणि एचआयव्हीचा तांबडा दिवा लागला.

"जत्रेत गोंदवून घेतलंस, तिथलं असेल," कालिंदी हळूच म्हणाली. "गोळ्या नीट घेतल्यास तर म्हातारा होशील."

"म्हातारा होऊन काय दिवे लावू, ताई?" अंकुश हसला.

"ही सुई आणखी कुणी वापरली?"

"एकरक्ती ना ती! कुणाला चालणार?" तो थबकला. "लहूला चालते. रविवारी दिली होती. बाराचा भोंगा होत होता."

लहू त्याचा जुळा भाऊ.

ही सुई घडवणारे डॉक्टर पागनीस आज केंद्रात आले होते. ते ताडकन उठले. "एकाच बीजाचे जुळे! दोघांचा डीएनए सारखा. सुईच्या लेखी तो एकच माणूस."

"आम्हाला वाटलं, सुईनं अडवलं नाही म्हणजे चालतंय," अंकुश म्हणाला. "तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं."

सुई टोचल्यापासून बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या, तर लहूची लागण टळण्याची आशा होती. दोन तास उरले होते.

"आहे कुठं तो?"

"बर्फाच्या कारखान्यात. फोन फाटकावरच काढून घेतात. मुकादम त्याचा मेहुणा, मला उभं करत नाही." अंकुशने हात जोडले. "लहूच्या नशेचं घरी ठाऊक नाही, ताई. केंद्राचं नाव निघालं तर त्याचा संसार मोडेल."

"नाही निघणार. शब्द देते."

पागनीसांनी गोळ्यांची पट्टी तिच्या हातात ठेवली. "जुळे ओळखणारी सुई सहा महिन्यांत करतो."

"करा, सर. मग ही मुलं आणखी बिनघोर होतील. पूर्वी निदान भीत तरी होती."

"आणि तुम्ही?"

"'आणखी कुणी वापरली' हे सात वर्षांत मी आज पहिल्यांदा विचारलं."

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, पट्टी रुमालात गुंडाळली आणि कारखान्याच्या रस्त्याला लागली.