शिळेच्या पूर्वेस

न्याय करणाऱ्याने पुरेसे शोधले होते की नाही, हा प्रश्न निकालाबरोबर मिटत नाही. निकाल दप्तरात जातो. प्रश्न माणसाच्या घरी राहायला येतो. लामारच्या घरी तो अठरा वर्षे राहिला होता.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या पश्चिम कडेला, जिथे डोंगरमाथ्यावरून शेजारच्या आयडाहोची हद्द जाते, तिथे लामारने एकतीस वर्षे शिकारीच्या खात्यात वॉर्डन म्हणून काढली. नियम त्याला मुखोद्गत होते. ज्या राज्याचा परवाना, त्याच राज्यात गोळी. जखमी जनावर हद्द ओलांडून गेले, तर बंदूक अलीकडे ठेवावी, पलीकडच्या अधिकाऱ्याची अनुमती घ्यावी आणि मगच माग काढावा. कारण जखमी जीव तसाच सोडून देणे हाही अपराधच. आणखी एक नियम होता, जो फार थोड्यांना ठाऊक असे. हद्द म्हणजे नकाशावरची रेषा नव्हे. पहिल्या मोजणीदाराने जिथे शिळा रोवली तिथे हद्द, मग त्याचा हात चुकला असला तरी.

अठरा वर्षांपूर्वी ड्यूई नावाच्या खोगीर शिवणाऱ्या माणसाने याच माथ्यावर एक एल्क टिपला. सांबराच्या कुळातले, घोड्याएवढे ते धूड लामारच्या जागा दाखवणाऱ्या यंत्राने आयडाहोत ऐंशी पावले आत दाखवले. ड्यूई परोपरीने सांगत राहिला की वर शिळा आहे, आपण ती पाहिली आहे, जनावर तिच्या अलीकडेच पडले आहे. लामारने अर्धा तास शोधले. बर्फ येऊ लागला तेव्हा तो थांबला. त्याने शिंगाला तार बांधली, तिच्यावर शिशाचे सील दाबले, सीलवर आपला ४७ हा क्रमांक उमटवला. मांस वृद्धाश्रमात गेले. डोके तपासणीनंतर भट्टीत जाळले गेले. त्या नोंदीखाली सही लामारचीच होती. ड्यूईचा परवाना गेला, आणि चर्चमध्ये त्याच्या बाकावरची शेजारची जागा रिकामी राहू लागली. चार वर्षांपूर्वी तो वारला, तो चोरटा शिकारी म्हणूनच.

या वर्षी शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीत त्याच्या विधवेला, आर्डिथला, एल्कचा परवाना लागला. ती सरळ लामारच्या दारात येऊन उभी राहिली.

"वॉर्डनसाहेब, त्याच माथ्यावर जाणार आहे. तुम्ही चला."

"मी? अगं, मी आता निवृत्त झालोय."

"म्हणूनच. तुम्ही बरोबर असलात की मागाहून कुणी काही बोलायला नको. ड्यूईच्या वेळी तो एकटाच होता ना."

लामारला नाही म्हणता आले नाही.

ऑक्टोबरातली ती सकाळ निरभ्र होती. रात्री भुरभुरलेल्या बर्फाचा पातळ थर गवतावर बसला होता. माथ्याखाली दोघांनी खोगिरावरच्या पिशवीतले सुके मांस आणि गरम कोको घेतला.

"गुडघे काय म्हणतात?" लामारने विचारले.

"म्हणतात, हा म्हातारा एवढा हळू का चालतोय." ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "तुमचं ते यंत्र आणलंय का?"

"आता फोनमध्येच असतं."

"असू दे. शिळा काही फोनमध्ये नसते."

अॅस्पनची झाडे मागे पडली तेव्हा लामारला पहिल्यांदा जाणवले, की पक्षी बोलत नव्हते. वारा होता, पण पाने हलत नव्हती. वर उघड्या उतारावर कळप दिसला आणि दोघेही आपोआप गुडघ्यांवर बसले.

पस्तीसेक एल्क होते. चरत नव्हते. उत्तरेकडून दक्षिणेकडे, एकामागे एक, सुताने आखावी तशा रांगेत उभे होते आणि सगळ्यांची तोंडे पश्चिमेला होती. देवळात माणसे उभी राहावीत तशी. लामारने उभ्या आयुष्यात हजारो एल्क पाहिले होते. अशी रांग पाहिली नव्हती.

रांगेच्या अलीकडे, एकटा, एक प्रचंड नर उभा होता. त्याने मान वळवून या दोघांकडे पाहिले. पळाला नाही.

लामारने फोन पाहिला. "वायोमिंगमध्येच आहे. साठ पावलं अलीकडे."

आर्डिथने ड्यूईची रायफल खांद्याला लावली. तिचा श्वास संथ होता. गोळी सुटली, आवाज दरीत जाऊन परत आला. कळप जागचा हलला नाही. नर किंचित वाकला, सावरला आणि पश्चिमेकडे चालू लागला. रांग मधोमध दुभंगली, त्याला वाट मिळाली, आणि रांग पुन्हा मिटली.

"गेला," आर्डिथ पुटपुटली. "पलीकडे गेला. आता सांगा, वॉर्डनसाहेब, मला कोणत्या बाजूला टाकताय?"

 लामारने तिची रायफल रिकामी करून झाडाला टेकवली आणि आयडाहोच्या अधिकाऱ्याला फोन लावला. रेनी नावाची तरुण स्त्री होती.

"बंदूक ठेवलीत ना?"

"ठेवली."

"मग जा मागावर. पण मी येईपर्यंत जनावर हलवायचं नाही. तुम्हाला काय सांगायचं म्हणा. माझ्या बॉसला हे नियम तुम्हीच शिकवलेत."

दोघे निघाले तेव्हा कळप नव्हता. रांग उभी होती तिथे बर्फावर एकही खूर उमटलेला नव्हता.

दोघांनीही ते पाहिले. 

नराचा माग मात्र स्पष्ट होता. रक्ताचे थेंब समान अंतरावर पडले होते, मोजून ठेवल्यासारखे. फोनवरची रेषा मागे पडली. लामार मनात पावले मोजू लागला. वीस. चाळीस. पुढे नर उभा होता, वाट पाहत. हे जवळ आले की तो चालू लागे.

"लामारभाऊ," आर्डिथ कुजबुजली. चर्चमधले ते संबोधन तिने अठरा वर्षांत उच्चारले नव्हते. "हा आपल्याला नेतोय."

साठ. सत्तर.

ऐंशीव्या पावलापाशी फर वृक्षांची दाट जाळी होती. त्या दिवशी लामार इथूनच परतला होता.

नर जाळीत शिरला. पुढच्या खुराने त्याने जमीन उकरली, सावकाश, तीनदा. मग गुडघे टेकले आणि आडवा झाला.

ते पोचले तेव्हा त्याचा श्वास थांबला होता. हनुवटी एका दगडाला टेकली होती. लामारने हातमोजा काढून माती पुसली. चौकोनी घडवलेली शिळा. पश्चिमेच्या अंगावर आयडाहोचे आद्याक्षर, पूर्वेच्या अंगावर वायोमिंगचे, माथ्यावर मैलाचा आकडा. छिन्नीचे घाव शेवाळाखाली अजून रेखीव होते.

शरीर सगळेच्या सगळे शिळेच्या पूर्वेस होते.

लामार खाली बसला. 

"तो खरं बोलत होता," तो म्हणाला. "मी अर्धा तासच शोधलं, आर्डिथ. आणखी दहा पावलं टाकली असती तर..."

"मला माहीत होतं तो खरं बोलतोय," ती म्हणाली. "गावाला माहीत व्हायचं राहिलंय."

"रेनी येऊ दे. तिच्यासमोर लिहून देतो. रविवारी चर्चमध्ये उभा राहून सांगतो."

आर्डिथने परवान्याची चिठ्ठी काढली, तिच्यावर शिकारीचा दिवस आणि महिना चाकूने कापून नोंदवला आणि शिंगाला बांधायची ती चिठ्ठी दोऱ्यासकट त्याच्या हातात दिली. "तुम्हीच बांधा."

लामार शिंगाशी वाकला. दोरा बुडाशी गुंडाळताना त्याच्या बोटांना काहीतरी थंड लागले. तिथे आधीच एक तार होती, गंजलेली, शिंगात रुतलेली. तिला शिशाचा चपटा गोळा लोंबत होता.

त्याने अंगठ्याने तो पुसला.

४७.

आर्डिथने त्याच्या खांद्यावरून पाहिले. ती दचकली नाही. तिने टोपी काढली, एक हात त्या अजून उबदार मानेवर ठेवला, दुसरा लामारच्या हातावर, आणि डोळे मिटून हलकेच म्हणाली:

"प्रभो, ज्याने शिळा रोवली, जो ती पाहून गेला, ज्याला ती दिसली नाही, आणि जो ती दाखवायला परत आला, त्या सगळ्यांना शांती दे."