रिकाम्या खोलीचं एक मिनिट

त्या दुपारी ससुली स्टुडिओत गेली ती फक्त एक होकार द्यायला. तिचं पुस्तक आता ऐकायचं पुस्तक होणार होतं. अकरा प्रकरणं तिने ऐकून पास केली होती, शेवटचं तेवढं राहिलं होतं. तेही ऐकायचं, 'चालेल' म्हणायचं, की उद्यापासून ते लोकांच्या कानी पडायला मोकळं.

ससुली हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. भांडं पडलं, दार आपटलं, मागून कोणी नुसतं खाकरलं तरी ही सशासारखी उडायची, म्हणून आईने ठेवलेलं. आई गेल्यावर त्या नावाने हाक मारणारी एकटी ताईच उरली होती.

ताई बरोबर आली होती. तिचा हक्कच होता. पुस्तक आईच्या अंथरुणातल्या तीन वर्षांचं, आणि त्या तीन वर्षांत आईचं सगळं ताईनेच केलं होतं. ससुली तेव्हा दुसऱ्या शहरात कॉलेजला. शेवटच्या दिवशी तिचा पेपर होता. संध्याकाळी ती धापा टाकत पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ताईने तिला दारातच जवळ घेतलं. म्हणाली, "झोपेतच गेली गं. कोणाला हाकसुद्धा मारली नाही."

त्या दोन वाक्यांवर ससुली दोन वर्षं तरली होती. पुस्तकाचा शेवटही तिने त्याच वाक्यांनी केला होता. अर्पणपत्रिकेत ताईच होती.

स्टुडिओ म्हणजे एका लांब बोळकांडीच्या टोकाला एक जाड दार, त्याच्या आत आणखी एक जाड दार. दुसरं दार लागलं आणि कानांवर कोणी उशी दाबावी तसं झालं. ससुली दचकलीच.

"घाबरू नका, लेखिकाबाई," रेकॉर्डिस्टकाका हसले. "आत वाघ नाही, माइक आहे. तो फक्त पोटातली गुडगुड ऐकतो."

"मग हिचं काही खरं नाही," ताई म्हणाली. "सकाळपासून उपाशी आहे टेन्शनने."

काचेपलीकडे वाचनाची खोली होती. चहूकडे काळा स्पंज, मधे एक खुर्ची आणि मिणमिणता दिवा. ट्यूबलाइट गुणगुणते आणि तेही माइक ऐकतो, म्हणून तेवढाच उजेड. वाचणाऱ्या बाईंचं काम संपलं होतं. खुर्ची रिकामी होती. अलीकडे या तिघांनी हेडफोन चढवले.

बाई सुरेख वाचत होत्या. सावकाश, कुठेही गळा न काढता. ससुलीने मांडीवरच्या पानावर बोट ठेवून ओळ न् ओळ पडताळली. शेवटचं पान आलं.

"आई झोपेतच गेली..."

इथे बाई थांबल्या होत्या. त्या थांबण्यात ससुलीला काहीतरी ऐकू आलं. घुर्र... घुर्र... मग बारीकसं फुस्स.

"मागे काय वाजतंय?"

काकांनी ते दोन क्षण पुन्हा लावले. कपाळाला आठी पडली. "इथे वाजायला काही नाहीच, बाई. ही ठिगळाची शांतता."

"म्हणजे?"

"वाचताना श्वास, खोकला, चुका येतात. त्या कापल्या की मधे भोक पडतं. ते कोरं ठेवलं तर ऐकणाऱ्याला खड्ड्यात पाय गेल्यासारखं होतं. म्हणून रोज आधी एक मिनिट गप्प बसून रिकामी खोली रेकॉर्ड करायची आणि त्याचं ठिगळ लावायचं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. थांबा, ते मिनिट मोठं करून लावतो."

घुर्र... घुर्र... फुस्स. ससुलीच्या हातावर काटा आला. ही शांतता तिच्या ओळखीची होती. आईच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आणलेल्या हवेच्या गादीचा तो पंप होता.

आणि मग, गादीच्या उंचीवरून, कोरड्या पडलेल्या घशातून...

"ससुले... आलीस का गं?"

लगेच उत्तर आलं. "हो, आई. आले."

आवाज बारीक केलेला. शब्दाआधी अडखळणारा, ससुली अडखळते तसा. पण तळाशी तो ताईचा होता.

ताईने हेडफोन कधीच काढून ठेवले होते. "बंद करा ते," ती काकांना म्हणाली.

"तिने हाक मारली होती," ससुली म्हणाली.

ताई हेडफोनची वायर गुंडाळू लागली.

"ताई... तू म्हणालीस, हाकसुद्धा..."

"सकाळपासून मारत होती." ताईचा आवाज शांत होता, तेच वाईट होतं. "तीन वर्षं मी पुसलं, भरवलं, कुशीवर वळवलं. आणि शेवटी तोंडात नाव कोणाचं? डोळ्यांनी तिला दिसत नव्हतंच. मग झाले मी ससुली."

"एक फोन करायचास. पेपर गेला खड्ड्यात! सकाळी निघाले असते तर दुपारपर्यंत..."

"पोचली असतीस," ताई म्हणाली. "म्हणूनच नाही केला."

काका उगाच बटणं चाचपू लागले.

"काय म्हणाली ती? तू 'हो' म्हटल्यावर?"

"ते नाही सांगणार. बोलली तुझ्याशी, पण ऐकलं मी. मेले तरी नाही सांगणार. तेवढं एक माझं आहे."

ससुलीला वाटलं, आपण कोणाच्या तरी परक्या घरात चुकून शिरलोय.

काका खाकरले. या वेळी ती दचकली नाही. "तुकडा खराब दिसतोय," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डिंगमधला मिसळला असेल. नवीन मिनिट घेऊन टाकू."

"मी बसते आत," ससुली म्हणाली.

दार लागलं. स्पंजच्या वासात हळूहळू दुसरा वास मिसळला, स्पिरिटचा आणि अंगाला लावायच्या पावडरीचा. दिव्याचा उजेड जेमतेम गुडघ्यांपर्यंत पोचत होता. काचेपलीकडे ताई सोफ्यावर, तोंडावर दोन्ही हात घट्ट धरून. काकांनी बोट वर केलं.

तिने कान देऊन ऐकलं. काहीच नाही. स्वतःच्या रक्ताची सणसण तेवढी. अर्धं मिनिट सरलं आणि तिला राहवेना. ती माइकवर वाकली.

"आई... मी आलेय. ही मी. खरी."

तुम्ही म्हणाल, दुपारी तीन वाजता कसली आली भुतं! काकाही नंतर तसंच म्हणत राहिले. पण ते मिनिट त्यांनी दोघींसमोर स्पीकरवर लावलं तेव्हा त्यांचा हात बटणावरच राहिला होता.

घुर्र... घुर्र... फुस्स.

"ससुले?"

"आले, आई."

ससुली आत बोलली होती ते वाक्य त्यात नव्हतंच. "अहो, तुमचे ओठ हलताना मी पाहिले," काका पुटपुटले. "पडद्यावर आवाजाची रेघ उसळली होती..."

ताई उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढराफटक. "हे मी नव्हे," ती म्हणाली. "शपथ सांगते. मी एकदाच 'हो, आले' म्हटलं. मग नुसतं ऐकलं... आणि ती गेली."

ते खरंच होतं. या आवाजाच्या तळाशी ताई नव्हती. हा हुबेहूब ससुलीचा होता, रोज बोलून बोलून जिभेवर बसावा तसा.

पंप एकदा घुरघुरला. आईने कूस बदलावी तशी गादी करकरली.

"दारात कोण उभं आहे गं?" आईने विचारलं.

आणि ससुलीचा आवाज लाडाने, समजूत काढावी तसा म्हणाला, "कोणी नाही, आई. तू बोल. मी ऐकतेय."