मोकळा गळा

"गळ्यातलं कुटं हाय?"

दानेश्वरीचं एक पाऊल उंबऱ्याच्या आत, एक अजून बाहेर, आणि तेवढ्यात शिवबाईने, तिच्या सासूने, हा प्रश्न टाकला! दानेश्वरीचा हात आपसूक ओढणीकडे गेला... नको तेव्हा गेला. तो गेला नसता तर कदाचित निभावलंही असतं, पण झाकायला जाणारा हात म्हणजे अर्धा कबुलीजबाबच की! शिवबाईने विड्यांचं सूप बाजूला सारलं, उठली आणि ओढणीचं टोक स्वतःच्या हाताने दूर केलं. मान ठिणग्यांनी तांबडी झालेली, आणि गळा रिकामा. लग्न झालेल्या, नवरा घरात जिवंत असलेल्या बाईचा गळा!

मंगळसूत्र पिशवीत होतं. दानेश्वरीने ते काढून दाखवलं, सगळं समजावून सांगितलं. वेल्डिंगच्या वर्गात अजिनाथ सर दारातच सगळ्या बायकांना गळ्यातलं, हातातलं उतरवायला लावतात. ठिणगी साखळीवर पडली की धातू तापतो आणि कातडीला डसतो. रोज ती निघताना ते पुन्हा घालायची, आज कुंभारी गावाकडची बस सुटत होती म्हणून धावपळीत राहून गेलं. एवढीच गोष्ट. पण शिवबाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती, आणि ती पाल काही सुनेच्या शब्दाने गप्प बसणारी नव्हती. तिने आतल्या खोलीकडे तोंड करून लेकालाच साक्षीला बोलावलं.

"गुरु, तू इतकी वर्सं ह्योच धंदा केलास की. असं गळ्यातलं काढावं लागतं व्हय रं?"

गुरु खाटेवर पडून होता. पत्र्याच्या शेडवर वेल्डिंग करताना तो खाली पडला त्या दिवसापासून त्याच्या उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. त्याने बायकोकडे पाहिलं, मग आढ्याकडे पाहिलं.

"मी तरी कवा ऐकलं न्हाय, अव्वा."

खोटं! धडधडीत खोटं! रोज सकाळी कामावर जाताना हाच माणूस गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी काढून, डोळ्यांना लावून आईच्या हातात द्यायचा. कामावर मळतंय, असं आईला सांगायचा. पण नव्या नवलाईच्या दिवसांत त्याने दानेश्वरीला छातीवरचा डाग दाखवला होता, डबी तापून उठलेला, आणि आईला सांगू नकोस, ती घाबरेल, म्हणून बजावलं होतं. जिभेच्या टोकावर आलेलं ते सगळं तिने गिळलं. समोर ऐन तारुण्यात विधवा झालेली, विड्या वळून वळून बोटं झिजवलेली ही बाई उभी होती, आणि तिचा उभा संसार एका लेकाच्या शब्दावर टेकलेला होता. तो लेक खोटारडा आहे हे तिला सुनेने दाखवायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

वर्गाला जायचं खूळ काही तिने हौसेने घेतलं नव्हतं. अक्कलकोट रोडवरचं गुरुचं वेल्डिंगचं दुकान बंद पडलं होतं, मशीन विकायची बोलणी चालली होती. मशीन गेलं की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की हा माणूस खाटेवरून पुन्हा उठायचा नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. बायकांसाठी वेल्डिंगचा पहिल्या पायरीचा वर्ग निघाला तेव्हा तिने नाव घातलं. पहिले काही दिवस रॉड पत्र्याला नुसता चिकटायचा. चिकटला की झटका देऊन सोडवायचा, पुन्हा टेकवायचा, पुन्हा चिकटायचा! पुढे रेघ यायला लागली... वाकडी, फोडाफोडाची, पण तिची. शेवटी परीक्षा होती, दोन पट्ट्या जोडून दाखवायच्या. पास झाली तर दुकानाचं शटर ती उघडणार होती.

पण त्या दिवसापासून घराची हवाच फिरली. शिवबाई नुसती बघायची. सून परतली की आधी गळा बघायची, मग डोळे. डोळे लाल का? चेहरा असा रापलेला का? शेजारची भुवनेश्वरी विड्यांचं सूप घेऊन मुद्दाम ओसरीवर येऊन बसायची आणि म्हणायची, की मास्तर म्हणे बायकांचा हात हातात धरून शिकवतो! खरं होतं की. रॉड कसा धरायचा ते हात धरल्याशिवाय कळत नाही, आणि अजिनाथ सरांचे केस पिकलेले होते. पण संशयाला केसांचा रंग कुठे दिसतो?

एकदा दानेश्वरीने तोड काढली. मंगळसूत्राऐवजी हळकुंड दोऱ्यात ओवून कॉलरच्या आत बांधलं. तर नेमकी ठिणगी कॉलरीत शिरली, दोरा जळून तुटला आणि मानेवर फोड आला. शिवबाईने तो फोड पाहिला, तुटका दोरा पाहिला आणि देवघर गाठलं. आधी सोनं काढलं, आता दोराही तोडला... ही बया माझ्या लेकाच्या जिवावर उठली, असं ती देवापुढे पुटपुटत राहिली.

आणि दानेश्वरीच्या मनातही विषाचा थेंब पडला होताच. आपला नवरा खोटं का बोलला? जेवताना तो सहज विचारल्यासारखं विचारायचा, शेजारी कोण उभं असतं, सर किती वेळ थांबतात. तिला वाटायचं, ह्याचा माझ्यावर संशय आहे. कधी त्याहून वाईट वाटायचं... ह्याला मी घरातून जायला हवी आहे. ज्याच्यासाठी डोळे जाळून घेतले त्याच्याच ताटात भाकरी वाढताना ती मान वर करायची नाही. एका शब्दाने तो तिला सोडवू शकत होता, आणि तो शब्द काही त्याच्या तोंडून निघत नव्हता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शिवबाई कपाळाला विभूती लावून तिच्याबरोबर बसमध्ये चढली. कसला वर्ग आहे ते बघते म्हणाली. अजिनाथ सरांनी म्हातारीला खुर्ची दिली, काळ्या काचेचा मुखवटा हातात दिला. दानेश्वरीने नेहमीसारखं मंगळसूत्र काढलं, डोळ्यांना लावलं आणि पिशवीत ठेवलं. शिवबाई ते टक लावून बघत होती. मग ठिणग्या उडायला लागल्या, आणि तिने काच डोळ्यांपुढे धरली ती शेवटपर्यंत खाली घेतली नाही. परतीच्या वाटेवर ती सुनेकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत बसली. संपलं, दानेश्वरीला वाटलं. हा सासूचा निकाल आहे, उद्या फक्त सुनावायचा बाकी आहे.

सकाळी ती निघाली तेव्हा मनाशी ठरवूनच निघाली होती. जायचंच. मग हा उंबरा पुन्हा मिळो न मिळो! ओसरीवर भुवनेश्वरी हजर होतीच, अशा वेळी ती कशी चुकेल? शिवबाई दारात आडवी उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

"काढ गळ्यातलं. हितंच काढ."

दानेश्वरीने मंगळसूत्र काढून सासूच्या तळहातावर ठेवलं. शिवबाईने ते डोळ्यांना लावलं... आणि सरळ आपल्या गळ्यात घातलं!

भुवनेश्वरीच्या हातातलं विडीचं पान गळून पडलं. इतकी वर्षं कुंकवाचं बोट न लागलेली, हळदीकुंकवाला कुणी न बोलावलेली बाई, आणि तिच्या उघड्या गळ्यात काळे मणी! आतून गुरु कसाबसा उठून आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अव्वा, काय करतीस ह्ये? काढ ते. लोकं काय म्हनतील?"

"म्हनू देत की. हिचा गळा कामापायी मोकळा ऱ्हातोय, तर घरातल्या एका बाईच्या गळ्यात तरी ह्ये असू दे." शिवबाईचा आवाज चढला नाही. "काल ही गळ्यातलं डोळ्याला लावून ठिवत हुती, आन् मला तू दिसलास. डबी डोळ्याला लावून माज्या हातात देनारा. मळतंय म्हनून सांगायचास. आता सांग गुरु, त्यो नियम हाय का न्हाय?"

गुरु दाराच्या चौकटीला टेकला. आईच्या गळ्याकडे त्याला बघवेना, बायकोच्या डोळ्यांकडे तर त्याहून बघवेना.

"हाय, अव्वा," तो म्हणाला, आणि त्याचा बांध फुटला. "हिला नगं जाऊ म्हनायची ताकद माज्यात न्हवती. म्हनून तुज्या तोंडनं म्हनवलं. हिच्या हातात मशीन चालाय लागलं की ह्या घरात माजं काय काम ऱ्हायलं? खाटंवरचं वझं नुसतं..."

"म्हंजे तुमचा माज्यावर संशय न्हवता?" दानेश्वरीने विचारलं. इतक्या दिवसांत तिने त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"न्हाय गं. माज्यावरच हुता."

शिवबाई सुनेकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्या भरल्या डोळ्यांत रागही होता.

"तुला ठावं हुतं दानव्वा, ह्यो खोटं बोलतोय म्हनून. मग गप का ऱ्हायलीस?"

"तुमचा एकच ल्योक हाय, आत्या."

शिवबाईने सुनेचं डोकं छातीशी ओढून धरलं. बसची वेळ झाली होती. दानेश्वरी पायरी उतरली, तेव्हा गुरु डोळे पुसत मागून आला आणि घाईघाईने सांगायला लागला, की रॉड लांब धरू नगंस, काच काळी असली तरी कान उघडे ठेव, कढईत भजी सोडल्यावानी आवाज आला पायजे, फडफडला की जवळ घे. तो हे सगळं डाव्या हाताने हवेत दाखवत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो तिला काही शिकवत होता.

अजिनाथ सरांनी तिची जोडलेली पट्टी दाबाखाली घालून वाकवली. पट्टी वाकली, सांधा कुठेही तडकला नाही. सरांनी मान हलवली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

ती परतली तेव्हा शिवबाई ओसरीवरच बसली होती, मंगळसूत्र अजून गळ्यात होतं. दिवसभर गल्लीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून बघून गेल्या होत्या. कुणी तोंडाला पदर लावून हसली, कुणी समोरच थुंकली. शिवबाई जागची हलली नव्हती. पास झाल्याचं ऐकून तिने देवाच्या दिशेने हात जोडले. आत गुरु डाव्या हाताने लसूण सोलत बसला होता, त्याने नुसतं वर बघितलं आणि त्याचा सगळा चेहरा उजळला.

मग शिवबाईने दोन्ही हात मानेमागे नेले. हात तिथेच थांबले. मंगळसूत्राचा फासा काही निघेना, किंवा बोटं काढेनात...

"पयल्यांदा काढलं तवा चार बाया हुत्या," ती हळूच म्हणाली. "बांगड्या फोडल्या, ह्ये वढून घेतलं. तुज्याच्यानं निघतंय का बाई, असं कुनी इच्यारलं न्हाय."

दानेश्वरी तिच्यापुढे खाली बसली. सासूचे ते दोन्ही हात तिने मानेमागून सोडवून घेतले आणि मांडीवर ठेवले.

"ऱ्हाऊ द्या की आजून, आत्या. माजा सैपाक हुस्तवर ऱ्हाऊ द्या."

गळ्यातलं तसंच ठेवून शिवबाईने सूप पुढ्यात ओढलं आणि विडी वळायला घेतली.