साळूबाईची साक्ष

चहाचा ट्रे घेऊन साळूबाई भावाच्या घरातल्या ऑफिसच्या दाराशी आली आणि जागीच थिजली... आत तिच्या भावासमोर, वैजनाथ वकिलासमोर, हप्ते गोळा करणारा गुंड बन्सी पाय पसरून बसला होता!

"साहेब, कारभारीचे पाय मोडा म्हणलात, मोडले. आता आमच्या पोरांच्या जामिनाचं बघा."

कारभारी! तिचा नवरा! चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या युनियनचा सेक्रेटरी. आठ दिवसांपूर्वी संपाच्या वेळी गेटवर गजांनी त्याचे दोन्ही पाय चेचले होते... आणि त्याच युनियनचा वकील होता वैजनाथ.

अजिंठ्याला आई वारली तेव्हा वैजनाथ तीन वर्षांचा होता, साळू अकराची. शाळा सोडून तिनं त्याला कडेवर घेतलं. 'भाऊ संगं येईल,' ही तिची अट कारभारीनं हसत मान्य केली, डबल ड्युट्या करून मेहुण्याला वकील केलं. आणि तो मेहुणा सकाळी कामगारांच्या सभेत टाळ्या घेत होता, दुपारी मालकाच्या बंगल्यावर जेवत होता, अन् दोघांच्या मधे बन्सीला उभा करत होता!

बन्सी निघून गेल्यावर ती आत आली.

"आक्का, नुसतं धमकाव म्हणालो होतो गं... मालकाला संप मोडायचा होता..."

"अन् तू त्यांचे पाय मोडलेस! ज्यांच्या खांद्यावर बसून शाळेत गेलास, त्यांचे!"

पुंडलिकनगरच्या घरी प्लास्टरमधल्या कारभारीनं हात जोडले. "साळू, लेकरू हाय ते आपलं. पोलिसांत त्याचं नाव नको घेऊस."

"संप मोडला अन् तुमच्यासंगं चारशे जणांच्या चुली विझल्या. त्यांना मी काय तोंड दाखवू?"

काळजावर दगड ठेवून तिनं पोलिसांत जबाब दिला.

वर्षानं खटला उभा राहिला. पिंजऱ्यात उभी राहून तिनं सगळं सांगितलं. वैजनाथचा वकील कडाडला, "घराच्या वाटणीपायी ही बाई सख्ख्या भावावर कुभांड रचते आहे!"

साळूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं...

"थांबा!" आरोपीच्या जागेवरून वैजनाथ ओरडला. "माझी आक्का जन्मात खोटं बोललेली नाही! मीच सांगितलं होतं बन्सीला... मीच!"

त्याची वकिलीची सनद गेली, पाच वर्षांची शिक्षा झाली. त्या पाच वर्षांत साळूबाई एकदाही हर्सूलच्या तुरुंगाकडं फिरकली नाही.

सुटकेच्या दिवशी मात्र कारभारी कुबड्या टेकत गेला आणि त्याला घरी घेऊन आला. साळूबाईनं ताट वाढलं. वैजनाथनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आक्का..."

"तशी हाक मारू नको." तिनं पाय मागे घेतले. "इतक्यात नको. अजून लई दुखतंय... जेव आधी."

खाली मान घालून त्यानं पहिली भाकरी संपवली. तेव्हा भिंतीकडं तोंड फिरवून, डोळे पुसत, तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.