गरम गाडीचा चोक

मार्लिस आली तेव्हा मी गॅरेजमधल्या शेगडीपाशी कॉफी पीत बसलो होतो. तिच्या पिकअपमध्ये ताडपत्रीखाली आर्व्होची मोटरसायकल होती. आर्व्हो माझा धाकटा भाऊ, मार्लिस त्याची बायको. हिवाळ्याच्या सुरुवातीला, बर्फ नीट धरायच्या आतच, तो टायरना खिळे मारून बर्फावरच्या शर्यतीच्या सरावाला तळ्यावर गेला आणि मधोमध बर्फ फुटला. पाणबुड्यांनी गाडी वर काढली. आर्व्हो सापडलाच नाही, आणि मग तळं पुरतं गोठलं.

"शनिवारी चर्चमध्ये प्रार्थना आहे," ती म्हणाली. "पुरायला तर काही नाहीच. निदान त्याची गाडी तरी दाराशी चालू हवी. करशील ना, वेनो?"

"नाही म्हणून जातोय कुठं!" मी खेकसलो. मला तिची दया आली होती, आणि दया आली की मी असाच खेकसतो.

टाकीतलं पाणी काढलं, कार्ब्युरेटरमधला गाळ काढला, नवा प्लग बसवला, पेट्रोल भरलं. अडून बसला तो चोक. त्याची चिमटीएवढी खुंटी पार बाहेर ओढलेली होती आणि तिथंच घट्ट रुतली होती. गरम पाणी ओतलं, तेल सोडलं, पक्कडीनं पिळली. हलेना. पितळेला शेवाळाचा वास येत होता. बाहेर ऊन उतरलं होतं, आणि तळ्याचा बर्फ मधूनच लांब कण्हत होता. थंडी वाढली की तो कण्हतोच.

मग माझा हात थांबला.

"काय झालं?"

"काही नाही."

"वेनो..."

चोक ओढायचा तो गार इंजिनाला. इंजिन तापलं की तो आत ढकलायचा, नाहीतर गाडी गुदमरून बंद पडते. आर्व्होला तेवढाही धीर नसायचा, म्हणून त्या सकाळी मी त्याच्या डोक्यावर उभा होतो. गाडी तापली, त्यानं माझ्यासमोर चोक आत ढकलला. "झालं समाधान, आजोबा?" म्हणून दात काढले आणि गेला. मी काठावरून बघत होतो. तो मधे कुठंच थांबला नाही. गाडी पाण्यात गेली ती तापलेलीच.

मार्लिस वर्षानुवर्षं त्याच्या मागं बसून फिरलेली. तिला काही सांगावं लागलं नाही.

"पाणबुड्यांनी ओढला असेल," ती म्हणाली.

"त्या जाड हातमोज्यांत? ही खुंटी त्यांच्या चिमटीत यायची नाही."

"म्हणजे खाली गेल्यावर... गाडी गार पडल्यावर..." तिनं टाकीवर हात ठेवला. "तो चालू करत होता, वेनो. घरी यायला."

मला हे ऐकायचं नव्हतं. मी घाबरलो होतो. तेवढ्यात पक्कडीतली खुंटी आपणहून सैल झाली.

"किक मार," मार्लिस म्हणाली.

मी मारली. पहिल्याच किकला सायलेन्सरमधून काळं पाणी उडालं आणि गाडी धडधडू लागली. मार्लिस रडायला लागली. मलाही हुंदका आवरेना.

मी सिलिंडरला हात लावला. गार होता. बराच वेळ गाडी चालली, तरी गारच. मग आमच्या डोळ्यांदेखत खुंटी हळूच अर्धी आत गेली, थांबली, आणि मग पूर्ण आत गेली. मी पुन्हा हात लावला तर चटका बसला.

मार्लिसनं डोळे पुसले आणि ती मागच्या सीटवर चढून बसली. तिनं दोन्ही हातांनी पुढं मिठी घातली. मिठीत कुणीच नव्हतं, पण पुढची सीट दबली होती.

"उतर," मी म्हणालो. "मार्लिस, उतर म्हणतो ना!"

खटकन गिअर पडला. भाऊ गेला होता, आता हीही माझ्यादेखत जाऊ नये, एवढंच मला कळत होतं. इंजिन बंद पाडायला मी झडप घालून प्लगची टोपी उपटली.

टोपी माझ्या हातात होती, आणि इंजिन चालूच होतं.

"दार उघड, वेनो," मार्लिस हळूच म्हणाली. "तळ्याकडचं..."