पडदा पडेपर्यंत बोलायचं नाही

कडा गावाच्या अलीकडं शेळ्यांनी रस्ता अडवला, म्हणून आमची भेट झाली.

मी नगरहून नानांची पायपेटी दुरुस्त करून आणत होते. टेम्पोत पुढं मी, आणि मागं ती, गोधडीत गुंडाळून दोरीनं बांधलेली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून पाहिला, पण शेळ्या ढिम्म. मी खाली उतरले. रस्त्याच्या कडेला एक तरुण बाह्या वर करून, एका शेळीला गुडघ्यांत धरून लस टोचत होता.

"जरा बाजूला घेता का यांना?"

"मी डॉक्टर हाय यांचा, पुढारी न्हाई," तो मान वर न करता म्हणाला. "माझं कोण ऐकतंय?"

मग त्यानं मान वर केली. माझ्याकडं पाहिलं, टेम्पोकडं पाहिलं.

"गोधडीत काय हाय? आजारी हाय का?"

"होती. आता बरी आहे."

तो खरंच उठला. बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, रुमालाला नीट पुसले... आणि मगच गोधडीचं टोक उचललं. पेटी दिसली तसा तो हसला. "हात लावू?" मी मान हलवली. त्यानं वाकून भात्याचा पायटा दाबला आणि एक पट्टी धरली. नाना गेल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. दुरुस्तीवाल्यानं वाजवून दाखवतो म्हटलं तेव्हाही मी नको म्हणाले होते. आता भर उन्हात, शेळ्यांच्या गराड्यात तो सूर लागला, आणि त्या सुरात या माणसानं आपला सूर मिसळला. आवाज काही फार घडवलेला नव्हता. पण सच्चा होता, जागेवर पडणारा.

मी बाजरीच्या रानाकडं बघत राहिले.

"कुठं शिकलात?"

"सिरसाळ्याला. आजोबांच्या भजनात. शिकलो कसला, झोपायचो तिथं."

"आमच्या नाटकात काम कराल?" मी विचार करायच्या आत बोलून गेले.

"कावून? तुमच्या नाटकाला माणसं न्हाईत का?"

"आमचा नायक पुण्याला नोकरीला गेलाय."

"आन् नायिका? ती कशी हाय?"

"मी आहे."

त्याचे कान लाल झाले. शेळ्या आपल्या आपण बाजूला झाल्या होत्या, हे आम्हाला ड्रायव्हरनं सांगितलं.

त्याचं नाव अमरसिंह. कड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात त्याची नेमणूक होऊन थोडेच दिवस झाले होते, म्हणून आमच्या मंडळाची कीर्ती त्याच्या कानावर गेली नव्हती. नाहीतर तालुक्यात ती कुणाला सांगावी लागत नाही. निजाम गेला त्याच्या पुढच्या वर्षी सुंदरराव मास्तरांनी आष्टीच्या बाजारात चार बैलगाड्या एकाला एक जोडून त्यावर पहिलं संगीत नाटक केलं. नाटकही त्यांचंच, 'संगीत हेमकांता'. राजकन्या हेमकांता आणि तिच्या बापाचा सेनापती वीरसेन यांचं प्रेम, मध्ये एक युद्ध, आणि हेमकांतेची भरपूर पदं. तेव्हापासून दर वर्षी एक प्रयोग होतोच. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर कंदिलाच्या उजेडात झाला. कोरोनात आमच्या अंगणात झाला, तोंडाला गमछा बांधून. तारीख ठरते ती पंचांगावरून नव्हे. कोयता बाहेर पडायच्या आत नाटक व्हायला हवं. कारण ऊसतोडीला गाड्या निघाल्या की आमचे द्वारपाल जातात, सैन्य जातं आणि निम्मे प्रेक्षकही जातात.

माझे वडील राधाकिशन — आम्ही त्यांना नाना म्हणायचो — तिथं आयुष्यभर पायपेटी वाजवत होते. तालीमही तेच घ्यायचे. यंदा ते नसताना प्रयोग करावा का, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा शहादेवकाका उसळले. काका मंडळाचे चिटणीस, आणि तरुणपणी नऊवारी नेसून हेमकांता करणारेही. "खंड पडला तर राधाकिशन वरून खाली येऊन बडवील मला," ते म्हणाले. म्हणून पेटी दुरुस्तीला गेली होती. नानांची शिष्या दिपाली ती वाजवणार होती.

अमरसिंह तालमीला आला. काकांनी त्याला एक पद म्हणायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "ठीक हाय. आता नियम ऐका डॉक्टर. आजपासून पडदा पडेपर्यंत या मंजुषाशी नाटकाबाहेर एक अक्षर बोलायचं न्हाई."

"आँ?"

"सुंदरराव मास्तरांचा नियम हाय. आमी मिशा काढून बाया व्हायचो, तवर प्रश्न नव्हता. मग रतनबाई नर्स पहिली बाई म्हणून आमच्यात आली, आन् गाव लागलं बोलायला. मास्तर तिच्या घरी गेले, शब्द देऊन आले. तवापासून नायक-नायिका पडद्याआड बोलत न्हाईत. म्हणून तर लोक पोरी पाठवतात आमच्याकडं."

"आन् काही सांगायचं असलं तर?"

"मी कशाला हाय?"

पन्नास वर्षं हा नियम कुणी मोडलेला नाही. त्यामुळं आमचा जो काही संवाद झाला तो काकांमार्फत.

"काका, त्यांना सांगा, दुसऱ्या प्रवेशात माझ्या पदरावर पाय देऊ नका म्हणावं."

"ती म्हणती, पदरावर पाय देऊ नको."

"त्यांना म्हणावं, पदर लई लांब हाय."

"तो म्हणतोय..."

"ऐकलं काका. सांगा, राजकन्येचा आहे."

एकदा काकांनी पुडी आणून दिली. "ज्येष्ठमध हाय. तुझ्या गळ्याला पाठवलंय त्यानं." मग पुडीचा वास घेत, शंकेनं, "जनावराचं तर न्हाई ना गं हे?"

मी ते खाल्लं. गळा माझा ठीक होता, हे मला माहीत होतं. तिसऱ्या अंकात वीरसेन लढाईला निघतो तेव्हा हेमकांतेचं निरोपाचं पद आहे. शेवटच्या ओळीआधी नाना पेटी क्षणभर थांबवायचे, मान वर करून माझ्याकडं बघायचे, आणि मी उचलायची. दिपालीला त्यांनी तसंच शिकवलं होतं. तालमीत तो थांबा आला की मी "गळा बसलाय" म्हणून खाली बसायची. सगळे हो म्हणायचे. नानांना आयुष्यभर तबल्याची साथ करणारे जमीलभाई नुसते तबल्यावर हात पालथे घालून बसायचे.

आणि तो बघायचा.

हीच तर पंचाईत होती. वीरसेनानं हेमकांतेकडं बघायचंच असतं. तशी सूचना मास्तरांनी संहितेत लिहिलेली आहे. पहिल्या अंकात चोरून, दुसऱ्यात धिटाईनं. तो सूचनेबरहुकूम बघायचा. पण माझं पद संपून जमीलभाई तबला जुळवायला घेत, पुढचा प्रवेश सुरू झालेला नसे, तेव्हाही तो बघतच असे... का वेळेत भूमिकेतून बाहेर यायचं त्याला जमत नव्हतं? नवखा होता. नवख्यांचं होतं असं.

विचारणार कसं? काकांमार्फत?

घरी आई म्हणाली, "डॉक्टर चांगलं गातो म्हणं."

"हो."

"आन् माणूस?"

"माहीत नाही आई. त्याच्याशी कधी बोललेच नाही."

हे खरं होतं, आणि मला त्याचा राग येत होता. नाटकातलं प्रेम पडद्याबरोबर संपतं, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. दुसऱ्या दिवशी सेनापती पिशवी घेऊन भाजी आणायला जातो. हा दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटेल, 'नमस्कार मॅडम' म्हणेल, आणि शेळ्यांकडं जाईल. एरवी मी ते हसून सोडून दिलं असतं. पण नाना जाऊन वर्ष झालं नव्हतं. आणखी काही संपलेलं बघायची माझी तयारी नव्हती. म्हणून शेवटच्या तालमीत मी त्याच्याकडं पाहिलंच नाही. काकांना म्हणाले, सांगा त्यांना, प्रयोगाला वेळेवर या.

प्रयोग बाजार समितीच्या शेडमध्ये होता, संध्याकाळी. सगळं शेड भरलेलं. पुढं सतरंज्यांवर पोरंबाळं घेऊन ऊसतोडीची कुटुंबं. त्यांच्या गाड्या दोन दिवसांनी निघणार होत्या. दोन अंक झकास गेले. माझ्या दोन पदांना वन्स मोअर मिळाले. आमच्याकडं वन्स मोअर नाकारत नाहीत. एका वर्षी खलनायकाच्या मरणाला वन्स मोअर पडला, तर तो उठला, पगडी सारखी केली आणि पुन्हा मेला.

तिसरा अंक. निरोपाचं पद मी उचललं. समोर अमरसिंह, पुठ्ठ्याचं चिलखत, काजळानं रेखलेली मिशी. अंतरा झाला... आणि पेटी थांबली. नाना थांबायचे तेवढीच.

माझ्या तोंडून सूर निघेना.

दिपालीनं घाबरून तोच सूर पुन्हा दिला. विंगेतून काका ओळ सांगत होते, जणू मी ती विसरले होते. मी उभी. डोळ्यांतून काजळ ओघळतंय. आता पडदा पाडतील, असं वाटलं. खंड पडणार, आणि तो माझ्यामुळं...

वीरसेनाचं पुढचं वाक्य होतं, 'देवी, रणभेरी वाजली, आज्ञा असावी.' अमरसिंह एक पाऊल पुढं आला.

"मंजुषा," तो म्हणाला. "घाई न्हाई. दम घे. मी कुठं जात न्हाई."

सिरसाळ्याच्या बोलीत. भर राजवाड्यात.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सतरंजीवरून एका बाईचा आवाज आला, "आगं बया!" आणि पाठोपाठ शिट्टी, टाळ्या, आणि अख्ख्या शेडमधून... "वन्स मोअर! वन्स मोअर!"

अमरसिंहानं विंगेकडं पाहिलं. काकांनी कपाळाला हात लावलेला. पण टाळ्या थांबेनात, तसा त्यांनीच तोंडाशी हात धरून सांगितलं, "आता घ्यावाच लागंल, डॉक्टर."

म्हणजे त्याला ते पुन्हा म्हणावं लागणार होतं. मी त्याच्याकडं बघत होते. पहिल्यांदा बोलला ते काय होतं हे मला नक्की माहीत नव्हतं. घाबरला असेल, सावरायला म्हणून बोलला असेल. दुसऱ्यांदा आता तो ठरवून बोलणार होता. वाटलं तर नाटकातलं करून, हात पसरून, वीरसेनाच्या आवाजात. त्यानं सुटलं असतं सगळं. लोक हसले असते.

त्यानं पुठ्ठ्याचं शिरस्त्राण काढून हातात घेतलं.

"मंजुषा," पहिल्यापेक्षा हळू. "घाई न्हाई. दम घे. मी कुठं जात न्हाई." थांबला. मग, "उद्या पण न्हाई."

माझा श्वास मोकळा झाला. कुठं अडकला होता तो इतके महिने, कोण जाणे. मी दिपालीकडं पाहून मान हलवली. पेटी परत सुरू झाली, जमीलभाईंची थाप पडली, आणि मी शेवटची ओळ उचलली. नानांची आठवण त्या ओळीत होती. असू दे. गाता आलं.

पडदा पडला. काका तरातरा आत आले आणि आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे उभे राहिलो.

"नियम मोडला मी," अमरसिंह म्हणाला. "यापुढं येऊ नको म्हणलात तर..."

"नाटकाबाहेर बोलायचं न्हाई असा नियम हाय," काका म्हणाले. "तू तर चांगला स्टेजवर, लोकांच्या पुढ्यात बोललास. दोनदा." त्यांनी डोळे पुसले आणि सैन्याचे भाले गोळा करायला निघून गेले.

आता बोलायला कुणाची ना नव्हती.

"तालमीत..." मी म्हणाले. "ते बघणं... कुणाकडं होतं?"

"तुमच्याकडं. मी त्या हेमकांताला कुठं वळखतो?"

"स्टेजवर 'दम घे' म्हणालात. आता 'तुमच्याकडं' कावून?"

माझ्या तोंडी 'कावून' ऐकून त्याच्या मिशीचं एक टोक हललं. "स्टेजवर लई धीर येतो."

"मग चला परत स्टेजवर."

"नको, सैन्य झाडतंय तिथं." त्यानं इकडं तिकडं पाहिलं, चिलखताची दोरी ओढली, सोडली. "मंजुषा... तू मला आवडतीस. शेळ्या आडव्या आल्या तवापासून."

"तुम्ही आडव्या घातल्या होत्या?"

"न्हाई. पण हाकलल्या पण न्हाईत."

मी हसले. मोठ्यानं, तोंडावर हात न धरता. पडद्यापलीकडं सतरंज्या गुंडाळायला मदत करणाऱ्या आईला ते ऐकू गेलं. पडदा बाजूला सारून ती आत आली आणि नुसती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ती मिशी पुसा आधी. आन् जेवायला घरी चला."