एका दमात

मुलगी बोलायला लागली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिच्या आईला झाला होता, आणि पुढे सगळ्यात आधी कान किटले तेही तिचेच. सकाळी डोळे उघडायच्या आत तोंड उघडायचं. उशीशी बोलणं, चमच्याशी बोलणं, दाराच्या कडीला दटावणं आणि समोर कुणीच नसलं तर आपल्याच पायाच्या अंगठ्याला गोष्ट सांगणं. बापाने तिचं नाव टकळी ठेवलं. खरं नाव दवाखान्याच्या कागदांवर होतं आणि तिथेच राहिलं, कारण त्या नावाने हाक मारली की सुई टोचतात अशी टकळीची पक्की समजूत होती.

कागदही काही कमी नव्हते. टकळी दिवस पुरे भरायच्या खूप आधी जन्मली आणि छाती तेव्हापासूनच अधू. साधी सर्दी बघता बघता छातीत उतरायची. मग वाफेचं मशीन, मग पंप, मग टॅक्सी आणि दवाखाना. एक दुखणं उंबऱ्याबाहेर पडतंय तोवर दुसरं दार ठोठावायचं. पहिल्या वर्षी आई रडायची. दुसऱ्या वर्षी दिसेल त्याच्याशी भांडायची. नंतर तिने दोन्ही सोडलं. आता मास्क लावताना तिचा हात कापत नसे आणि मास्क काढताना बरंही वाटत नसे. "किती धीराची आहेस गं," असं लोक म्हणत. धीर कुठला, आत काही शिल्लकच नाही, असं तिला वाटायचं. पण तेवढं बोलून दाखवायचाही तिला कंटाळा होता.

छातीच्या डॉक्टरबाई वयाने मोठ्या होत्या आणि आडपडदा न ठेवता बोलत. त्यांनी एकदा आईला समोर बसवलं.

"सारखे पोरीचे श्वास मोजत बसता, तुम्हाला वेड लागेल. ही बडबड आहे ना, ती ऐका. एका दमात वाक्य पुरं होतंय तोवर घाबरायचं नाही. शब्दाशब्दाला थांबायला लागली की पंप द्यायचा. आणि बोलायचीच थांबली, तर मला फोनसुद्धा करू नका. उचला आणि घेऊन या."

तेव्हापासून टकळीचं तोंड चालू आहे म्हणजे टकळी ठीक आहे, हा घरातला कायदा झाला.

आईचं कामही ऐकण्याचंच होतं. बैठका, मुलाखती, साक्षी अशा कुणाकुणाच्या बोलण्याची रेकॉर्डिंग तिच्याकडे यायची आणि ती शब्दन् शब्द टाइप करून द्यायची. टेबलाखाली पायाशी एक पेडल होतं. दाबलं की आवाज थांबायचा, टाच टेकली की थोडा मागे जायचा. टेबल टकळीच्या खोलीच्या दाराशेजारी, दार अर्धवट उघडं. हेडफोन फक्त उजव्या कानावर. डावा कान टकळीचा. उजव्या कानात कुणीतरी कारखान्याच्या छपराबद्दल तक्रार करत असायचं, डाव्या कानात टकळी, आणि आई ठरावीक वेळाने मान न वळवता म्हणायची, "हं. मग?"

या "हं"वर तिची मोठी हुकमत होती. त्यासाठी काही ऐकावं लागत नसे. टकळी श्वास घ्यायला थांबली की तो आपोआप तोंडातून पडायचा.

या कामात आईला एक गोष्ट कळली होती. माणसं बोलतात त्याहून त्यांचे श्वास जास्त बोलतात. खोटं बोलणारा आधी मोठा श्वास घेतो. वाचून दाखवणारा चुकीच्या जागी घेतो. रेकॉर्डिंगमध्ये कुणी कापाकापी केली असेल तर शब्द बेमालूम जुळतात, पण श्वास जुळत नाहीत.

थंडी पडायला लागली तसं टकळीचं बोलणं सुधारलं. नेमकं त्याच दिवसांत सुधारलं, जेव्हा दरवर्षी बिघडायचं. बूट आणि मोज्याची एक गोष्ट सुरू झाली होती आणि ती काही केल्या संपत नव्हती. बूट रुसला होता, त्याला घरी जायचं नव्हतं, मोजा त्याच्या आत बसून रडत होता, आणि पाय कुठेतरी गेला होता तो अजून आला नव्हता. पूर्वी "आई, ऐक ना, बूट ना" एवढ्यातच दम संपायचा. आता सगळा प्रवास एका दमात व्हायचा.

"आज काय म्हणतोय आपला रेडिओ?" नवऱ्याने संध्याकाळी विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. घरी आला की आधी कोपरापर्यंत हात घासायचा, मग मुलीला घ्यायचा.

"एका दमात बोलते. दिवसभर."

"काय सांगतेस!" त्याने टकळीला उचलून गिरकी घेतली. टकळीने त्याच्या खांद्यावर मान टाकली. "मग माझ्याशी का नाही बोलत, लबाडे? माझ्या वाट्याचं संपलं?"

"दमली असेल," आई म्हणाली.

डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हाही टकळी आत बोलतच होती. आईने फोन दाराकडे धरला. बाई बराच वेळ ऐकत राहिल्या.

"अरे वा! हिने तर मला मागे टाकलं. आपण औषध थोडं उतरवू या. आणि असंच बोलणं रेकॉर्ड करून मला पाठवून द्या, पुढच्या वेळी ताडून बघता येईल."

आईचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तिने औषधाचा नवा आकडा बाटलीवर लिहिला आणि ती कामाला बसली.

दुपारी ती दूध घेऊन आत गेली. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि बोलणं थांबलं. टकळी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तोंड उघडं, खांदे वर-खाली होत होते.

"संपली गोष्ट?"

टकळीने नाही म्हणून मान हलवली.

"मग सांग ना पुढे."

"मी..." टकळी म्हणाली आणि थांबली. "नाही... सांगत."

"हं," आई म्हणाली. कप तिने स्टुलावर ठेवला. तिच्या टेबलावर साक्ष अर्धी राहिली होती. ती बाहेर येऊन बसली तेव्हा आत गोष्ट पुन्हा सुरू झाली होती. पेडलवर पाय ठेवताना तिला क्षणभर काहीतरी खटकलं, पण काय ते बघायला जावं इतकं खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने फोन टकळीच्या फळीवर रेकॉर्डिंगला लावून ठेवला. जेवणानंतर तो आणला, टेबलावरच्या यंत्राला जोडला आणि पाठवण्याआधी एकदा ऐकावं म्हणून हेडफोन लावला. सवयीने नव्हे, तर रेकॉर्डिंग टकळीचंच होतं म्हणून, तो दोन्ही कानांवर लावला. तिच्या आठवणीत टकळीजवळ घरी एकटी असताना तिने दोन्ही कान पहिल्यांदाच झाकले.

"आणि बूट म्हणाला मला नाही जायचं आणि मोजा म्हणाला मग मी कुणाला घालू आणि बूट म्हणाला पाय येईल आणि मोजा म्हणाला पाय आता येत नाही आणि..."

आईने पेडल दाबलं. टाच टेकली. पुन्हा ऐकलं.

शब्द स्वच्छ होते, आवाज टकळीचा होता. बोबडेपणासुद्धा तिचाच. पण वाक्याच्या आधी श्वास नव्हता. मध्ये नव्हता. नंतरही नव्हता. कापलेलं म्हणावं तर जोड कुठे दिसत नव्हता. आणि टकळीचं बोलणं कोण कापणार?

तिने आवाज वाढवला.

मग तिला श्वास सापडला. तो शब्दांच्या खाली होता. बारीक, शिट्टी वाजल्यासारखा, घाईघाईचा. आत, बाहेर. आत, बाहेर. वर गोष्ट चालली होती आणि खाली तो चालला होता, एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे. श्वास आत ओढताना माणसाला बोलता येत नाही. आईने इतकी वर्षं माणसं ऐकली होती. कुणालाच येत नाही.

मध्ये एकदा तिचा स्वतःचा आवाज आला, लांबून, दाराबाहेरून. "हं. मग?"

आणि गोष्ट पुढे सरकली.

आईने हेडफोन काढला.

आत टकळी बोलत होती. आई जागची हलली नाही. कानात प्राण आणून ती श्वासाची वाट बघत राहिली. तो आला नाही.

ती उठली.

दार ढकललं तरी या वेळी बोलणं थांबलं नाही.

टकळी पलंगावर आडवी होती. डोळे अर्धे मिटलेले. ओठ मिटलेले, आणि निळसर.

"आणि मोजा म्हणाला आता रडायचं नाही आणि बूट म्हणाला आता थांबायचं नाही आणि..."

ओठ हलत नव्हते.

आईने तिला उचललं. आवाज उचलला गेला नाही. तो पलंगावरच राहिला, उशीच्या उंचीवर, आणि बोलत राहिला. जिन्यापर्यंत तो तिला ऐकू येत होता.

दवाखान्यात नेहमीची धावपळ झाली. नळ्या, मास्क, सुई, खऱ्या नावाने हाका. डॉक्टरबाई स्वतः आल्या.

"पण फोनवर तर किती छान..." त्या बोलता बोलता थांबल्या. "एका दिवसात होत नाही हे. बरेच दिवस दम लागत असणार. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"ती बोलत होती," आई म्हणाली. रेकॉर्डिंग तिने पाठवलं नाही आणि नवऱ्यालाही ऐकवलं नाही. ते तिने पुसून टाकलं.

टकळी वाचली. मास्क निघाल्यावर तिने पाणी मागितलं, मग बापाला लिफ्टबद्दल काहीतरी विचारलं, शब्दाशब्दाला थांबत. बाप हसला आणि डोळे पुसायला बाहेर गेला.

"टकळे," आई वाकून म्हणाली, "बुटाची गोष्ट तू सांगत होतीस ना?"

टकळीने मान हलवली. नाही.

"मग कोण?"

"मी दमले... की..." तिने श्वास घेतला. "ती सांगते."

"तू मला हाक का नाही मारलीस?"

"मारली." पुन्हा श्वास. "तू तिलाच... हं म्हणत होतीस."

टकळीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाहेर थंडी आहे असं सांगावं तसं तिने ते सांगितलं. आपल्याला आता काहीतरी व्हायला हवं, हे आईला कळत होतं. तिने वाट पाहिली. काही झालं नाही. तिने टकळीचं पांघरूण नीट केलं.

घरी परत आल्यावर आईने टकळीचा पलंग बाहेरच्या खोलीत घ्यायला लावला. आतल्या खोलीत ओल आहे, छातीला बरी नाही, असं तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने भिंतीला हात लावून बघितला. भिंत कोरडी होती. तरी तो पलंग ओढायला लागला. रिकाम्या खोलीला आईने बाहेरून कडी घातली. काम बंद ठेवलं. हेडफोन कपाटात टाकला. टकळी बोलायची तेव्हा समोर बसायचं, तिच्याकडे बघायचं आणि नुसतं "हं" म्हणायचं नाही, असं तिने ठरवलं. कडी घातलेल्या खोलीत सगळं शांत होतं. दिवस चालले होते. औषध पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं आणि टकळीला अधूनमधून दोन-तीन शब्द एका दमात जमायला लागले होते.

एका दुपारी टकळी आईच्या मांडीवर बसून गोगलगायीची गोष्ट सांगत होती. बाल्कनीत तिला सकाळी खरोखरची दिसली होती.

"गोगलगाय ना... भिंतीवर चढली." श्वास. "आणि मग... तिचं घर..." श्वास. "जड झालं."

आई ऐकत होती. मन लावून ऐकत होती; एकही श्वास तिने सुटू दिला नाही. फक्त त्या वेळी कुणी तिला विचारलं असतं की गोगलगायीचं पुढे काय झालं, तर तिला सांगता आलं नसतं.

टकळी थांबली आणि आईकडे बघायला लागली.

"अगं बाई! मग?"

टकळीची नजर आईच्या तोंडावर होती. ते मिटलेलं होतं.

आवाज कडी घातलेल्या दारामागून आला होता, आणि तो आईचा होता. दुसऱ्या कुणाला कदाचित पटलं नसतं, पण तिला आवाज ओळखण्याचेच पैसे मिळत. फक्त तो आजचा नव्हता. टकळी पहिले शब्द बोलायला लागली होती, त्या दिवसांतला होता. त्यात हसू होतं. पुढे काय झालं हे ऐकायची घाई होती.

टकळी मांडीवरून उतरली. आपलं छोटं स्टूल ओढत तिने दारापाशी नेलं आणि दाराकडे तोंड करून त्यावर बसली.

"घर जड झालं ना..." श्वास. "तरी ती..."

"सावकाश," आतून आवाज आला. "दम खा आधी. मी आहे ना इथेच."

टकळीने दम खाल्ला. मग पुढे सांगायला लागली.

"टकळे," आई म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच रेकॉर्डिंगसारखा ऐकू आला. "टकळे, इकडे ये. मला सांग."

"हं," टकळी म्हणाली, मान न वळवता.